अकरा महिन्यांची बाग

बिऱ्हाड हलवायचे ठरले की हमालांशी सामानाचा ठराव होतो, आणि त्या ठरावात कुंड्या कधीच धरलेल्या नसतात. कपाट, पलंग, गाद्या, फ्रीज, भांड्यांची पोती असे सगळे मोजून झाल्यावर मुकादम गच्चीवर येतो, कठड्याशी ओळीने मांडलेल्या कुंड्यांकडे पाहतो आणि म्हणतो, ‘‘बाई, हे पण न्यायचं व्हय? मग ह्याचं येगळं द्यायला लागंल.’’ सांगलीत आजवर आम्ही तीन वेळा बिऱ्हाड हलवले आणि तिन्ही वेळा हे वाक्य थोड्याफार फरकाने ऐकले. पहिल्या वेळचा मुकादम अधिक स्पष्टवक्ता होता. त्याने मोगऱ्याची कुंडी उचलून पाहिली, पुन्हा जागेवर ठेवली आणि विचारले, ‘‘ह्यात माती हाय का शिसं?’’

माती होती, पण कृष्णाकाठची काळी माती होती. पहिले घर गावभागात, जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर होते. तिथल्या सज्जासाठी ओळखीच्या एका मळ्यातून मी हौसेने दोन पोती माती आणवली होती, कारण ज्या मातीत ऊस आणि हळद एवढी माजते तिच्यात मोगरा का येणार नाही, असा माझा सरळ हिशेब होता. शेतात ही माती खोलवर पसरलेली असते आणि तिला फुगायला-आकसायला जागा असते, हे माझ्या ध्यानात आले नाही. कुंडीत ती चहूबाजूंनी कोंडली जाते. पाणी प्यायली की चिकणमातीसारखी घट्ट बसते आणि मुळांपर्यंत हवा पोचू देत नाही. चैत्रात वाळली की आकसून कुंडीची कड सोडते आणि मधे बोटभर फट पडते. मग वरून घातलेले पाणी मातीला न शिवता त्या फटीतून सरळ खाली उतरते. खालच्या छिद्रातून धार लागलेली पाहून आपल्याला वाटते की झाडाला भरपूर पाणी मिळाले, आणि मोगरा आत तहानलेला तो तहानलेलाच राहतो. ती धार आमच्या वाड्यात खालच्या वहिनींनी वाळत घातलेल्या सांडग्यांच्या ताटावर पडली. वहिनी काही बोलल्या नाहीत, त्यांनी ताट फक्त दोन हात पलीकडे सरकवले. पण त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सांडगे आले नाहीत.

वजनाचा हिशेब मी त्या मुकादमाच्या प्रश्नानंतर पहिल्यांदा केला. 12 इंची कुंडीत साधारण 15 लिटर माती बसते. काळी माती ओली असेल तर ती एकटीच 25 किलोंच्या घरात जाते, आणि भाजलेल्या मातीच्या कुंडीचे वजन त्यावर आणखी. अशा दहा कुंड्या म्हणजे अडीच क्विंटलांहून अधिक भार झाला, आणि तो आपण दुसऱ्याच्या गच्चीवर, दुसऱ्याच्या स्लॅबवर ठेवत असतो. स्वतःच्या घराच्या परसात ज्याने जास्वंद लावली आहे त्याला हा विचार करावा लागत नाही. भाडेकरूला पहिला विचार हाच करावा लागतो. तेव्हापासून माझ्या मिश्रणात काळी माती एक भाग, कोकोपीट एक भाग आणि कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग असते. नारळाच्या सोडणाचा हा भुसा दाबून विटेच्या आकारात विकत मिळतो. 5 किलोंची वीट पाण्यात सोडली की फुगून 70 लिटरच्या आसपास होते, आणि तो सोहळा पाहण्यासाठी आमच्या शेजारची मुले मुद्दाम वर येत असत. कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि माती भुसभुशीत राखते, मात्र त्यात झाडाला खायला फारसे काही नसते, त्यामुळे खताचा भाग गाळून चालत नाही. कुंड्या जाऊन त्यांच्या जागी ग्रो बॅगा, डिस्टेंपरच्या रिकाम्या बादल्या आणि तेलाचे 15 किलोंचे पत्र्याचे डबे आले. पत्र्याचा डबा दोन पावसाळे टिकतो आणि मग तळाकडून गंजतो. तो उचलताना तळ जमिनीवरच राहण्याचा प्रसंग माझ्यावर जिन्यात आला आहे, तेव्हा त्याविषयी अधिक लिहीत नाही.

हलक्या मिश्रणाच्या नादात मी एक उद्योग असाही केला की ज्याची घरात अजून आठवण काढली जाते. उन्हाळ्यात सांगलीच्या रसवंतीगृहांबाहेर उसाच्या चिपाडांचे ढीग पडलेले असतात. फुकटचे, हलके आणि सेंद्रिय असे ते चिपाड पाहून मला मोह झाला, आणि पोतेभर आणून, तुकडे करून, ते मी ताजेच मातीत मिसळले. दुसऱ्या दिवशी मुंग्यांच्या रांगा कठड्यावरून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या, ते एक वेळ सोसले. पण तीन आठवड्यांत मिरची, टोमॅटो आणि वांगी अशी सगळी रोपे पिवळी पडली. चिपाड कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागते, आणि चिपाडात ते नगण्य असल्यामुळे ते मातीतले नत्र ओढून घेतात. रोपांच्या वाट्याला काही उरत नाही. शेणाच्या काल्यासोबत खड्ड्यात कुजवून मग वापरले असते तर तेच चिपाड चांगले खत झाले असते. आता मी ते वाळवून कुंडीच्या वर आच्छादन म्हणून पसरते, आत घालत नाही. तीच गोष्ट खापरांची. कुंडीच्या तळाशी खापऱ्यांचा चांगला चार बोटे थर द्यावा म्हणजे निचरा होतो, असे माझी आजी सांगत असे आणि मी ते वर्षानुवर्षे पाळले. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी जाड थरात लवकर उतरत नाही. वरची माती पुरती भिजून ठिबकायला लागेपर्यंत ते थराच्या डोक्यावर अडून राहते, म्हणजे ओलीची रेघ मुळांच्या आणखी जवळ येते. छिद्रावर एक खापरी पुरते. आजीचे अंगण मोठे होते आणि तिची कुंडी कधी टेम्पोत चढली नाही, म्हणून तिचे चालून गेले.

आता महिन्यांचा हिशेब. घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी करावी लागते, ती टाळण्यासाठी ही अकराची चाल पडली. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरण्याच्या परवान्याचा, करार कितीही मुदतीचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे ते कारण कधीच संपले. अकरा मात्र राहिले. एकदा फावल्या वेळात मी या कराराच्या मागचा कायदा वाचून काढला, तेव्हा 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या 63 व्या कलमात मला माझी बाग सापडली. परवाना रद्द झाल्यावर परवानाधारकाला जागा सोडण्यासाठी आणि त्या जागेत ठेवू दिलेले आपले सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असे ते कलम सांगते. म्हणजे कुंडीतला मोगरा हे ‘सामान’ झाले. जमिनीत रुजलेले झाड ही निराळीच बाब आहे, आणि त्याविषयी मालकाशी वाद घालत बसण्यापेक्षा ते न लावलेले बरे. दुसऱ्या घरी मागे मातीचे चांगले अंगण असूनही मी सगळे डब्यांतच लावले, ते यासाठी. मालकीणकाकूंना त्याचे नवल वाटे. ‘‘अगं, जमीन रिकामी पडली आहे की, लाव की खाली,’’ असे त्या दर पावसाळ्यात म्हणत. खाली लावलेले आपले राहत नाही, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे ते मला कधी सुचले नाही.

अकरा महिन्यांत काय बसते ते पाहू लागले की भाज्यांची एक निराळीच यादी तयार होते. मेथी महिन्याभरात खुडायला येते, कोथिंबीर दीड महिन्यात, मुळा आणि पालक त्याच्या आगेमागे. टोमॅटो आणि मिरची तीन-चार महिने घेतात आणि नंतर बराच काळ देत राहतात. शेवगा, लिंबू, पेरू ही मंडळी आमच्या करारात बसत नाहीत. सगळ्यांत नेमकी बसते ती हळद. हळदीच्या पेठेत राहून पिशवीत हळद लावणे हा शुद्ध खुळेपणा आहे, असे आमच्या घरातल्यांचे मत आहे आणि ते खोडून काढण्याजोगा मुद्दा माझ्याजवळ नाही. ज्या सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या हळदीसाठी शेजारच्या हरिपुरात जमिनीखाली साठवणीची पेवे खणली गेली, ती इथे किराणा दुकानातही उत्तम मिळते. पण हळद अक्षय तृतीयेच्या सुमारास लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी, पाला पिवळा पडून आडवा झाला की काढतात. आमचा करार मे महिन्यात सुरू होतो आणि मार्चअखेर संपतो. पंचांगाने आणि दस्तावेजाने एवढे जुळवून घेतल्यावर न लावणे जड जाते. शिवाय हळदीला दिवसभराचे कडक ऊन लागत नाही, अर्ध्या सावलीतल्या गॅलरीतही ती रुंद पानांनी भरून जाते. एका 12 इंची पिशवीत एक जेठा गड्डा, म्हणजे बियाण्याचा मूळ कंद, मी लावते. फेब्रुवारीत पिशवी जुन्या चादरीवर उपडी केली की मातीचा ढेपसा सुटतो, तो हातांनी फोडताना आधी वास येतो आणि मग बोटांएवढी हळकुंडे एकेक करून सुटी होतात. गेल्या वर्षी सहा पिशव्यांतून पाच किलो ओली हळद निघाली. शिजवून वाळवल्यावर ती पाचव्या हिश्श्यावर येते. किलोभर हळदीसाठी नऊ महिने पाणी घातले असा त्याचा अर्थ होतो, हे मला मान्य आहे.

दुसऱ्या घराचा उल्लेख वर आला. ते नदीच्या बाजूला, तळमजल्यावर होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी चढू लागले तेव्हा सांगलीत नेहमीप्रमाणे आयर्विन पुलाजवळची फुटांतली पातळी जो तो दुसऱ्याला सांगत होता. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. 2005 च्या महापुराची खूण आमच्या गल्लीतल्या भिंतीवर होती आणि पाणी त्यापुढे जाणार नाही, असे जाणती माणसे सांगत होती. या वेळी ते 57 फुटांच्याही वर गेले. घर सोडण्याआधी कागदपत्रे, धान्य आणि गाद्या माळ्यावर चढवून झाल्यावर जो अर्धा तास हाती उरला, त्यात आम्ही काही कुंड्या मालकांच्या जिन्यात ठेवल्या, एका पायरीवर एक. हलक्या होत्या म्हणून तेवढे तरी साधले. परत आलो तेव्हा जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत गाळाची रेघ होती. खालच्या बादल्या तरंगून कुठे गेल्या ते कळले नाही, त्यांतली एक कडुलिंबाच्या फांदीत अडकलेली दिसली. ज्या राहिल्या त्यांच्या तोंडावर दोन बोटे मऊ, पिठासारखा गाळ बसला होता. नदीचा गाळ सुपीक असतो हे शेताच्या बाबतीत खरे आहे, पण कुंडीवर तो झाकण लावल्यासारखा बसतो आणि खालची मुळे हवेवाचून कुजतात. मी जेवणाच्या काट्याने तो खरवडून काढला. पालेभाज्या मात्र सगळ्या उपटून टाकल्या, कारण त्या पाण्यात गटारे मिसळली होती.

दहाव्या पायरीवर कढीपत्ता होता. करारात न बसणारे झाड लावायचे नाही, हा माझा नियम त्याच्या बाबतीत पहिल्यापासूनच मोडलेला आहे. गावभागातल्या घरी लावलेले वीतभर रोप आज माझ्या खांद्याला लागते आणि ते चौथ्या घरात आले आहे. दर दोन वर्षांनी, थंडी सरता सरता, मी त्याला कुंडीतून बाहेर काढते, कडेने गोल गोल फिरलेल्या मुळांचा इंचभर थर सुरीने कापते आणि नव्या मातीत त्याच मापाच्या कुंडीत बसवते. मोठी कुंडी दिली तर ते आणखी वाढेल, आणि मग त्याला जिन्याच्या वळणावरून काढता येणार नाही. बिऱ्हाड हलवायच्या आधी दोन दिवस सगळ्यांचे पाणी बंद करावे लागते, म्हणजे वजन उतरते. कुंड्या टेम्पोत सर्वांत शेवटी चढवायच्या आणि आधी उतरवायच्या. वाऱ्याने पाला फाटू नये म्हणून वरून जुने लुगडे बांधायचे. तुळस टेम्पोत जात नाही, ती रिक्षात मांडीवर येते. नव्या घरी उन्हाची बाजू बदललेली असते, तेव्हा आठवडाभर सगळ्यांना सावलीत ठेवून मग हळूहळू पुढे सरकवावे लागते. कढीपत्ता तरीही दर वेळी रुसतो आणि निम्मी पाने टाकतो. त्या महिन्यात आमच्याकडे फोडणी विकतच्या कढीपत्त्याची असते.

विश्रामबागेतले तिसरे घर सोडताना मालकांनी अनामतीतून काही रक्कम कापली, कारण गच्चीच्या कोब्यावर कुंड्यांची गोल वळी उठली होती. काथ्या आणि चिंच घेऊन मी दोन दिवस घासली होती, तरी सात-आठ राहिलीच. तेव्हापासून प्रत्येक कुंडीखाली दोन विटा असतात. पाणी खालून वाहून जाते, कोबा वाळतो आणि झाडणीही नीट फिरते. कुंड्या मधल्या स्लॅबवर न ठेवता भिंतीच्या आणि तुळईच्या बाजूने ठेवते. सध्याचे मालक निवृत्त गृहस्थ आहेत. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, ‘‘झाडं लावा की, त्याला काय. फक्त खालच्या सिलिंगला ओल आली तर मग मी तुमाला बोलनार.’’ अजून तरी बोललेले नाहीत. मध्यंतरी ते वर येऊन विटांकडे बराच वेळ पाहत होते आणि जाताना हळदीची चार पाने नातीसाठी मागून घेऊन गेले.

त्यांच्याशी झालेला करार या मार्चअखेर संपला. नवा करायचा की नाही, याविषयी मुलाशी बोलून सांगतो असे ते म्हणाले आहेत, आणि मुलगा पुण्याला असतो. अक्षय तृतीया दोन आठवड्यांवर आली आहे. सुपात ठेवलेल्या जेठ्या गड्ड्यांना पांढरे-गुलाबी कोंब फुटले आहेत आणि ते फार दिवस थांबणार नाहीत. हळदीला पुढे मातीची भर द्यावीच लागते, म्हणून पिशवी सुरुवातीला निम्मीच भरली तरी चालते. काल संध्याकाळी मी सहाही पिशव्या निम्म्या भरून ठेवल्या. तेवढ्या एका हातात एक अशा उचलता येतात.