भंडारदऱ्याला अंधार हवा आहे

घोटी मागं पडलं की कळसूबाईची रांग सोबतीला येते आणि बारी गाव येईपर्यंत नजरेआड होत नाही. मे संपत आला होता. डोंगर करडे पडलेले, भातखाचरं नांगरून ठेवलेली, ढेकळं अजून कोरडीठाक. दरवर्षी याच दिवसांत, वळवाचे एकदोन शिडकावे झाल्यापासून मृगाचा पाऊस धरेपर्यंत, भंडारदऱ्याच्या जंगलात काजवे फुलतात.

पुण्याहून आलेल्या भाचरांना शनिवारखेरीज सवड नव्हती, म्हणून आम्ही नाशिकहून शनिवारीच निघालो. उजेडी पोचू असा हिशेब होता. भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाच्या अलीकडं गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढं ठाण्याच्या, मागं पुण्याच्या. प्रत्येक खिडकीतून वेगळं गाणं. एका गाडीच्या टपावर दोन तरुण बसलेले, हातात बाटल्या. रस्त्याकडेला एक म्हातारी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन उभी होती. तिला नुसता रस्ता ओलांडायचा होता आणि कोणी वाट देत नव्हतं. शेवटी माझी बायको उतरली, हात आडवा करून गाड्या थांबवल्या, तेव्हा ती पलीकडं गेली.

शेंडीपासून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत शेंडी. प्रवरेवरचं धरण १९२६ साली पुरं झालं, त्याचं पाणी या गावांच्या पायाशी पसरलं आहे. आजूबाजूचं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं. १९८६ साली जाहीर झालेलं, साडेतीनशे चौरस किलोमीटरहून मोठं. नाक्यावर प्रवेशाची पावती फाडली तरी आपण अभयारण्यात शिरतोय, हे पुष्कळांच्या गावीही नसतं.

आमचा मुक्काम याच रस्त्यावरच्या एका गावात होता, ओळखीच्या घरी. आम्ही त्यांना मामा-मामी म्हणतो. मामींनी नागलीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. मामांना काजव्यांची झाडं ठाऊक आहेत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, सगळ्यांवर सारखे बसत नाहीत. त्यांचं एक सादड्याचं झाड आहे, रस्त्यापासून जरा आत. ते नेमकं कुठं आहे हे मी इथं लिहिणार नाही. कारण पुढं येईलच.

जेवण झाल्यावर मामांनी टॉर्चला लाल फडकं बांधलं. मुलांना सांगितलं, "मोबाइल खिशात. पायवाट सोडायची नाही, गवतात पाय घालायचा नाही." भाचीनं विचारलं, साप असतात का? मामा म्हणाले, "ते बी असत्यात. पण मी काजव्यासाठी सांगतोय."

अंधारात डोळे सरावायला वेळ लागतो. आधी काहीच दिसत नाही. मग एखादा ठिपका, मग पाच-पन्नास, आणि वळण घेतल्यावर एकदम ते झाड. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. सगळे काजवे एका ठेक्यात उजळत नव्हते, पण एका फांदीवर सुरुवात झाली की शेजारची फांदी ती उचलायची, आणि उभ्या भातावरून वाऱ्याची झुळूक जावी तसा उजेड झाडावरून सरकत जायचा. मग क्षणभर सगळं काळं. पुन्हा सुरुवात. मुलं कुजबुजतसुद्धा नव्हती.

मामा खाली वाकले आणि पायवाटेच्या कडेला बोट दाखवलं. घोट्याएवढ्या उंचीवर, वाळलेल्या गवताच्या काडीवर एक काजवा होता. तो उडत नव्हता. थांबून थांबून, मंद, हिरवट उजेड देत होता. वरून एक उडणारा काजवा चमकत गेला, की याचा उजेड जरा वेळानं यायचा. काजव्यांच्या पुष्कळ जातींत असंच असतं. नर उडत उडत चमकतो, मादी खाली गवतावर किंवा झुडपावर बसून त्याला उत्तर देते. प्रत्येक जातीचा ठेका वेगळा, आणि त्या ठेक्यावरूनच ते एकमेकांना ओळखतात. आयुष्याचा बहुतेक काळ काजवा अळीच्या रूपात ओलसर मातीत आणि पाचोळ्यात काढतो, गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर त्याच्या हाती थोडेच दिवस उरतात. तेवढ्यात जोडीदार सापडायला हवा, अंडी पडायला हवीत. आपण जो सोहळा बघायला जातो, तो त्यांच्या जन्माची शेवटची आणि सगळ्यात निकडीची धडपड असते.

आम्ही ते बघत असतानाच खालच्या रस्त्यावर एक गाडी वळली. तिचे हेडलाइट थेट झाडावर आले.

झाड विझलं. आधी उजेडातली बाजू, मग पलीकडची. पाठोपाठ आणखी दोन गाड्या. दारं उघडली, गाणं चालूच, आणि आवाज आला, "अरे हेच झाड, लाइट मार वर." मोबाइलचे टॉर्च लागले. कोणीतरी हिरव्या लेझरचा झोत फांद्यांवरून फिरवायला लागला. काजवा आपल्या शेपटाशी जो उजेड करतो त्याला उष्णता जवळजवळ नसते, इतका तो नाजूक प्रकाश. त्यावर गाडीचा झोत पडल्यावर नराला मादी दिसायची कशी आणि मादीनं उत्तर द्यायचं कोणाला? २०२० साली जगभरातल्या काजवा-अभ्यासकांची मतं एकत्र करून एक पाहणी प्रसिद्ध झाली. काजव्यांना असलेल्या मोठ्या धोक्यांत अधिवासाचा नाश पहिला, आणि त्याच्या मागोमाग रात्रीचा कृत्रिम उजेड आणि कीटकनाशकं. भंडारदऱ्यात हा उजेड आपण स्वतः डिझेल जाळून शहरातून घेऊन येतो.

मामा खाली गेले, मीही गेलो. त्यांनी हात जोडून सांगितलं, "साहेब, लाइट बंद करा, जरा थांबा, आपोआप दिसतील." काहींनी बंद केले. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि झाड हळूहळू पुन्हा उजळायला लागल्यावर ते गप्पही झाले. माझा राग त्यांच्यावर नाही. पण एक गृहस्थ, शांत स्वभावाचे, चांगले शिकलेले, सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन गवतात शिरले होते. हातात पाण्याची रिकामी बाटली. आत तीन-चार काजवे. मी म्हटलं, दादा, सोडा ना त्यांना. ते म्हणाले, "मुलाला खोलीवर नीट दाखवतो आणि सोडतो, मारणार नाही हो." मामा त्या मुलाशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळा, हितंच बघ की. हे तुझ्याबरोबर आले तर हितल्यांनी वाट बघायची कोणाची?" मुलानंच बाटलीचं झाकण काढलं. वडील मात्र परतताना पुन्हा गवतातूनच गेले, जिथं ती मादी बसलेली होती त्याच बाजूनं.

या प्रसंगावर मी खूप विचार केला. दारू पिऊन धिंगाणा घालणारे दिसतात, त्यांच्याबद्दल बातम्या येतात, त्यांना दोष देणं सोपं असतं. बाटली घेऊन आलेला बाप दिसत नाही. त्याला निसर्ग आवडतो, म्हणून तर तो इतक्या लांब येतो. पण जे आवडलं ते हातात यायला हवं, फोटोत यायला हवं, आज रात्रीच यायला हवं, असं त्याला वाटतं. चांगल्या फोटोसाठी पायवाट सोडून तिवई रोवणारेही त्यातलेच. जागा सगळ्यांची आहे म्हणजे माझीही आहे, इथपर्यंत सगळे येतात. जागा सगळ्यांची म्हणजे त्यात राहणाऱ्यांची आधी, इथपर्यंत फार थोडे.

रात्री झोप लागली नाही. पाण्याच्या पलीकडं कुठंतरी तंबू लागले होते आणि ध्वनिक्षेपक मध्यरात्रीनंतरही चालू होता. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू नये, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. जाहिरातीत या रात्रीला महोत्सव म्हणतात. तंबू, जेवण, शेकोटी, नाचगाणी आणि सोबत काजवे. महोत्सव हा शब्द बघून येणारा माणूस महोत्सवासारखाच वागणार, हे आयोजकांना कळत नाही असं मला वाटत नाही.

सकाळी मामांबरोबर त्यांच्या खाचरात गेलो. रस्त्यालगतचं खाचर, दोन दिवसांत भाताचं रोप टाकायला तयार करायचं होतं. बांधाखाली काचा. आख्ख्या बाटल्या निराळ्या आणि दगडावर मारून फोडलेल्या निराळ्या. मामा एक एक तुकडा वेचून जुन्या खताच्या गोणीत टाकत होते. लावणीच्या वेळी इथं पोटरीपर्यंत चिखल असतो. बायामाणसं अनवाणी उतरतात, दिवस दिवस वाकून आवण लावतात. चिखलात काच दिसत नाही. मामींच्या उजव्या टाचेवर लांब वण आहे. तो मागच्या आषाढातला. टाके पडले, लावणी अर्धी राहिली, मजूर लावावे लागले. बैलाच्या खुरात काच गेली तर ते त्याहून अवघड, असं मामा म्हणाले.

बांधावरच्या हिरड्याची एक फांदी रात्री कोणीतरी शेकोटीसाठी मोडली होती. ओली फांदी पेटली नाही, तशीच अर्धवट काळी पडून होती. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून, वाळवून विकणं हे या भागातल्या महादेव कोळी घरांचं उन्हाळ्यातलं रोख उत्पन्न. ज्यानं फांदी तोडली त्याला ते जंगलातलं कोणतंतरी झाड वाटलं असणार. शिवाय १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा अभयारण्याला धोका होईल अशा रीतीनं आग पेटवायला सरळ मनाई करतो. मे महिन्यातल्या वाळक्या गवतात पेटवलेली कोणतीही शेकोटी धोक्याचीच असते.

मग पर्यटन बंदच करावं का? हा प्रश्न मी मामांना विचारला. ते बराच वेळ बोलले नाहीत. पुतण्या जीप चालवतो, शेजारची दोन घरं मुक्कामी लोकांना जेवण देतात, पावसाळ्याआधी बियाणं-खताला पैसा याच दिवसांत हाती येतो. बंद केलं तर तो पैसा जाईल. चालू ठेवलं तर काजवे जातील, आणि मग पैसाही जाईलच. याच पुतण्याला मागल्या वर्षी ताप डोक्यात चढला होता, राजूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि शनिवारच्या गर्दीत जीप पुढं सरकेना. घरातल्या माणसाला हे दोन्ही एकाच वेळी दिसतं.

दुसरीकडं यावर मार्ग काढले आहेत. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात एल्कमाँट नावाच्या ठिकाणी एका लयीत चमकणारे काजवे आहेत. तिथं त्या दिवसांत गाड्यांचे परवाने लॉटरीनं देतात, आणि टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावायला सांगतात. आपल्याकडं हे चालणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी कास पठाराची आठवण करून देईन. तिथंही फुलांच्या दिवसांत आधी नोंदणी आणि दिवसाची मर्यादा लावावी लागली, आणि लोकांनी ती पाळली.

मामांच्या ओटीवर बसून आम्ही एक अर्ज लिहिला, ग्रामसभेत ठेवण्यासाठी. शनिवार-रविवारी दिवस मावळायच्या आत बाहेरच्या गाड्या शेंडीलाच थांबवाव्यात आणि पुढं गावातल्या जीपनं न्यावं. रात्रीत किती माणसं सोडायची याला मर्यादा हवी. झाडांपर्यंतचा शेवटचा टप्पा चालत, स्थानिक वाटाड्याबरोबर, लाल उजेडात. प्रवेशाच्या पैशाचा ठरलेला वाटा गावाच्या परिस्थितिकीय विकास समितीला, म्हणजे वनखात्याबरोबर काम करणाऱ्या गावच्याच समितीला. तंबूवाल्यांना ध्वनिक्षेपकाची परवानगी नाही. भाचीनं सुवाच्य अक्षरात तो उतरवून काढला. सगळं वाचून झाल्यावर मामींनी आतून आणखी एक कलम घालायला लावलं, आणि ते सगळ्यात वर घ्या म्हणाल्या: काचेची बाटली कसलीही असो, नाक्यावर काढून ठेवावी, परत जाताना न्यावी. सह्या गोळा करायचं काम पुतण्यानं अंगावर घेतलं आहे, आणि घाटघर-साम्रदच्या ओळखीच्या घरांतही तो कागद घेऊन जाणार आहे.