तुम्ही विचारलंत म्हणून: मॅच दोन, मग प्रॅक्टिस रोज कशाला?

स्टाफरूममध्ये विचारतात, पालकसभेत विचारतात, आणि बॉलची जाळी खांद्याला अडकवून लेडीज डब्यात चढले की शेजारची अनोळखी बाईसुद्धा विचारते. मी उपनगरातल्या एका कॉमर्स कॉलेजात अकाउंट्स शिकवते आणि जिमखान्यातर्फे फुटबॉलची टीम माझ्याकडे आहे. (ती माझ्याकडे कशी आली, ही वेगळी गोष्ट. ज्या मीटिंगमध्ये कामं वाटली गेली तिला मी उशिरा पोचले, एवढं सांगितलं तरी पुरे.) प्रश्न असा असतो: अख्ख्या सीझनमध्ये तुमच्या पोरांच्या मॅच होतात दोन, फार तर तीन. मग कॉलेज उघडल्यापासून रोज सकाळी त्यांना चिखलात लोळवता कशाला? लेक्चरं बुडतात, ताप येतो, धुणं वाढतं. ‘धुणं वाढतं’ हे एका आईचं म्हणणं, आणि सगळ्या तक्रारींत मला तेच जास्त पटतं.

हिशोब बरोबर आहे. उलट जरा उदारच आहे, कारण पुष्कळदा आमची एकच मॅच होते.

आम्ही ज्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा खेळतो त्या बाद पद्धतीच्या. हरला तो गेला. समजा 32 कॉलेजं उतरली. प्रत्येक मॅचला एक टीम बाहेर पडणार, म्हणजे विजेता ठरवायला 31 मॅच पुरतात. स्पर्धा घेणाऱ्याला हे स्वस्त पडतं आणि लवकर उरकतं. पण त्यातल्या 16 टीम पहिल्या फेरीतच घरी जातात. त्यांचा सीझन सकाळी साडेनऊला सुरू होऊन अकराच्या आत संपलेला असतो. त्यातही मैदान पुढच्या मॅचला रिकामं करून द्यायचं असतं, म्हणून हाफ आखूड, आणि बरोबरी झाली की जादा वेळ वगैरे काही नाही, थेट पेनल्टी. 11 मीटरवरून पाच-पाच, नाही सुटलं तर सडन डेथ, म्हणजे निकाल लागेपर्यंत एक-एक.

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. त्यांच्याकडचं कॉलेज फुटबॉल म्हणजे हातात बॉल धरून पळायचा तो खेळ, त्याच्याशी आपलं नावापुरतंच नातं. पण मी त्याला सीझनबद्दल विचारलं तर म्हणाला, वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांना साधारण 12 मॅच ठरलेल्याच असतात, हरा नाहीतर जिंका. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये तर लाखावर माणूस बसतं म्हणे. त्या लाखाचा मला हेवा नाही. आमच्या मॅचला दोन राखीव खेळाडूंचे मित्र आणि एक चहावाला असला तरी चालतं. हेवा आहे तो त्या बाराचा.

आता पाऊस. एवढं करून भर पावसातच का खेळता, हे लगेच पुढे येतंच. मुंबईची मैदानं वर्षातला बराच काळ क्रिकेटच्या ताब्यात असतात. क्रॉस मैदान घ्या, ओव्हल घ्या, ऑक्टोबरनंतर तिथे फुटबॉलचे पोल रोवायला गेलात तर लोक वेड्यात काढतील. पावसाळ्यात क्रिकेट जरा अंग चोरतं (कांगा लीग सोडून, ती 1948 पासून मुद्दाम पावसातच खेळतात), तेव्हा आम्हाला जागा होते. शिवाय पुढे सेमिस्टरच्या परीक्षा. म्हणजे जुलै-ऑगस्ट. आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत एकट्या जुलैची सरासरीच आठशे मिलिमीटरच्या वर आहे.

गेल्या सीझनची आमची मॅच त्यातलीच. रेफ्रींनी सुरुवातीआधी मैदानभर फिरून बॉल हातातून खाली सोडून पाहिला. सेंटरला तो उसळला, विंगवर थोडाफार उसळला, आणि दक्षिणेकडच्या गोलसमोर ‘थप्’ करून जागच्या जागी बसला. मॅच पुढे ढकलायची तर मैदान पुन्हा मिळणार कधी? म्हणून खेळायचं ठरलं. दुसऱ्या हाफमध्ये ती बाजू आमच्याकडे आली. आमच्या स्टॉपरने (म्हणजे मधल्या बचावपटूने), हा मुलगा इतर वेळी डोकं शांत ठेवून खेळणारा, समोरचा फॉरवर्ड अंगावर येताना बघून गोलीला बॅकपास दिला. पास अचूक होता. कोरड्या मैदानावर तो अलगद गोलीच्या पायात गेला असता. तिथे तो घोटाभर पाण्यात अर्ध्या वाटेत थांबला. गोली पुढे धावला, फॉरवर्डही धावला, फॉरवर्ड आधी पोचला. एक-शून्य, आणि आम्ही बाहेर.

पोरगा नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मॅम, उचलून द्यायला पाहिजे होता.” त्याला कळलं होतं, मी वेगळं काही सांगायची गरजच नव्हती. मैदानावर पाणी असलं की पास हवेतून द्यायचा, बॅकपास द्यायचाच नाही, दिसेल तिकडे लांब मारायचा, हे प्रॅक्टिसमध्ये आम्ही शंभरदा घोकतो. पण अंगावर माणूस येत असताना पाय आपोआप तसा चालायला मॅचच लागते, आणि एक मॅच हुकली तर लगेच दुसरी लागते. त्याला दुसरी मिळणार पुढच्या वर्षी. तोवर गोली पास होऊन बाहेर पडलेला असेल.

म्हणून माझं उत्तर असं, की तुम्ही प्रश्न उलट्या टोकाने धरलाय. प्रॅक्टिस जास्त नाही, मॅच कमी आहेत.

पूर्वी पालकांना सांगायला एक सोपं उत्तर होतं: नोकरी. टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका, सगळ्यांच्या टीम असायच्या आणि मैदानावर चमकलेल्या मुलाला तिथे चिकटता यायचं. वांद्र्याच्या ज्या मैदानाला नेव्हिल डिसूझांचं नाव आहे, ते टाटांकडूनच खेळायचे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये तसं करणारे ते पहिले आशियाई, आणि भारत त्या वेळी चौथा आला. या टीमना एकमेकांशी भिडायला कूपरेजचं मैदान होतं, 1891 पासून चालत आलेला रोव्हर्स कप होता. माझे वडील ऑफिस सुटल्यावर चर्चगेटची गाडी न पकडता उलटे कूपरेजला चालत जायचे. रोव्हर्स 2000-01 नंतर बंद झाला. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेली महिंद्र युनायटेड 2010 मध्ये गुंडाळली गेली. 2014 पासून मुंबई सिटी हा क्लब आहे, छान आहे, पण व्यावसायिक क्लबांना अकादमीत लहानपणापासून तयार झालेला खेळाडू हवा असतो. एकोणिसाव्या वर्षी आमच्या जिमखान्यात येऊन ‘मॅम, ट्रायल कधी आहे’ विचारणाऱ्यासाठी ते दार जवळजवळ बंदच. राहतात ग्रेस मार्क आणि सर्टिफिकेट. विद्यापीठाच्या टीमसाठी निवड झाली तर पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तीही निवड करणार कशावरून, तर त्या एका-दोन मॅचवरून.

तरी पोरं येतात. नालासोपाऱ्याहून पहाटेच्या गाडीने येतात, संध्याकाळी पार्सलं पोचवण्याचं काम करणारी येतात. का येतात ते मी त्यांना विचारत नाही. मी फक्त फॉर्म भरून घेते, आणि खरं सांगायचं तर सीझनमधलं सगळ्यात अवघड टॅकल तेच. शेवटच्या परीक्षेची मार्कशीट, जन्मतारखेचा पुरावा, आयडेंटिटी कार्ड, फोटो, प्रिन्सिपॉलांची सही आणि शिक्का. एकाच्या आयकार्डावर आडनाव एक, मार्कशीटवर दुसरं स्पेलिंग. एकाची एटीकेटी, त्याचा निकाल अजून लागायचाय. एकाने फोटो म्हणून चुलतभावाच्या लग्नातला सेल्फी कापून आणलेला, मागे अर्धी नवरी दिसतेय. कागद अपुरा असला तर मॅचच्या सकाळी समोरच्या टीमचे सर हरकत घेतात आणि आपला चांगला हाफबॅक बाहेर बसतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. वॉकओव्हर मिळालेल्या टीमलाही त्यात काही मिळत नाही, त्यांचीही एक मॅच कमी होते.

उपाय काही नवा शोधायचा नाही. चार-चारचे आठ गट पाडा, गटात प्रत्येकाला तीन मॅच. 48 झाल्या. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोघांची बाद फेरी, त्या 15. एकूण 63. पुरुषांचा वर्ल्ड कप 1998 पासून 2022 पर्यंत ह्याच पद्धतीने खेळला गेला, तिसऱ्या क्रमांकाची एक मॅच धरून 64. मॅच दुप्पट होतात हे कबूल. मैदानं कुठून आणणार, रेफ्रींचं मानधन कोण देणार, हे विचारणारे चूक नाहीत, मी अकाउंट्सवालीच आहे. पण मग निदान असं म्हणू नका की मुलांना खेळात रस नाही. कोल्हापूरला जाऊन बघा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण, खंडोबा, तालमी-मंडळांचे संघ, त्यांची लीग, आणि त्यासाठी भरणारं शाहू स्टेडियम. तिथला मुलगा हरला तर पुढच्या मॅचला पुन्हा उभा राहतो. 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तिथेही भांडणं आहेत, मारामाऱ्या होतात, मी काही स्वर्ग म्हणून सांगत नाही.

यंदा आम्ही आसपासच्या चार कॉलेजांनी आपापसात ठरवलंय: रविवारी सकाळी लीग, प्रत्येकाशी दोनदा, म्हणजे प्रत्येक टीमला सहा मॅच हमखास. ट्रॉफी नाही, उद्घाटन नाही, पाहुणे नाहीत. खेळत नसलेल्या कॉलेजचे सर शिट्टी वाजवणार. मैदानाचं भाडं चौघांत वाटून घेतोय, हारलेल्या टीमने वडापाव आणायचे की जिंकलेल्या, यावर पोरांचा अजून वाद चालू आहे. पाचवं कॉलेज यायला तयार असेल तर हवंच आहे. फक्त बॉल स्वतःचा आणा, आमचे दोन आहेत आणि त्यातला एक हवा धरत नाही.