आमची वाटचाल : दोन राउटरांच्या मधलं काम

बाबांचा लेथ कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होता. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायचो आणि माझ्या वाट्याला एकच काम असायचं, डब्यातले नटबोल्ट निवडायचं. बारा एमएमचा बोल्ट अर्धा इंची नटात एकदोन आटे जातो. जातो म्हणूनच माणूस फसतो. मग पान्यानं जोर लावला की चावतो आणि दोन्ही वाया जातात. बाबा म्हणायचे, "नट बी बरोबर हाय, बोल्ट बी बरोबर हाय. गाठ घालणारा चुकलाय." पुढं मी लेथ धरला नाही, कॉम्प्युटरकडं वळलो. पण आमच्या फर्मचं पोट इतकी वर्षं अशाच चुकलेल्या गाठी सोडवण्यावर भरतंय, फक्त नटबोल्टच्या जागी राउटर, म्हणजे वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांना जोडणारे डबे.

सुरुवात अगदीच साधी. शाहूपुरीत दहा बाय बाराचा गाळा, मी आणि माझा मावसभाऊ. प्रिंटरची कार्ट्रिज भरणं, विंडोज टाकून देणं, कुणाच्या दुकानात चार पॉइंट ओढून देणं. गूळ बाजारातल्या एका अडत्याकडं उंदरांनी केबल कुरतडली म्हणून वर्षातून तीनदा गेलो असेन. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उधारी जास्त, पैसे कमी, आणि मावसभावाची स्प्लेंडर.

खरा धंदा चालू झाला तो एका फौंड्रीमुळं. त्यांचं एक युनिट शिरोली एमआयडीसीत, दुसरं गोकुळ शिरगावला आणि हिशेबाचं ऑफिस राजारामपुरीत. ऑफिसात कुणीतरी आधीच सिस्को कंपनीचा जुना राउटर बसवून दिलेला. दोन्ही युनिटांत बजेट बघून आम्ही मायक्रोटिक कंपनीचे लावले. मधे टनेल, म्हणजे दोन ठिकाणांमधली आभासी वाट. आणि सगळे रूट, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठल्या वाटेनं जायचं ते, हातानं लिहिलेले, स्टॅटिक. तीन ठिकाणं होती तोवर ते खपलं. मग मालकांनी सीसीटीव्हीचा वेगळा सबनेट, म्हणजे नेटवर्कचा वेगळा तुकडा, मागितला, मग वजनकाट्याचा, मग बायोमेट्रिक हजेरीचा. दरवेळी तिन्ही राउटरांवर जाऊन लिहायचं आणि एखाद्यावर विसरायचं. विसरला की रात्री नऊला फोन. म्हणून ठरवलं की राउटरांनीच एकमेकांना रूट सांगावेत. त्यासाठीची सिस्कोची स्वतःची भाषा ईआयजीआरपी, पण ती दुसऱ्या बाजूला बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून ओएसपीएफ ही भाषा घेतली. तिच्या नियमांचा कागद, आरएफसी २३२८, एप्रिल १९९८चा, सगळ्या कंपन्यांना खुला. एकच भाषा असल्यावर भांडण कशाला होईल, असं मला वाटलं होतं.

पहिल्याच रात्री चावला. सिस्कोवर नेबर, म्हणजे पलीकडचा राउटर, दिसायचा, पण एका बाजूला एक्सस्टार्ट आणि दुसऱ्या बाजूला एक्स्चेंज, म्हणजे ओळख झाली पण जोडणी अर्धवट. थोड्या वेळानं पडायचा, परत उठायचा, परत तिथंच अडकायचा. पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतंय का बघायची हाक, मात्र झकास. मी मालकांना तेच सांगितलं. ते म्हणाले, "पिंग जातोय म्हंजे काय रं? माझं चलन निघतंय का ते सांग."

कारण माझ्याच हातचं होतं. सिस्कोच्या बाजूला टनेलचा एमटीयू, म्हणजे माहितीचं एक पाकीट जास्तीत जास्त किती बाइटांचं ते, १४७६, आणि मायक्रोटिकवर मी कधीतरी एका वेबसाइटच्या तक्रारीपायी १४०० टाकून ठेवलेला. ओएसपीएफच्या ओळखीच्या, हॅलो पाकिटात एमटीयूचा आकडा नसतोच. त्यामुळं ओळख होते, राम राम होतो. मग दोघं आपापल्या माहितीची यादी काढतात आणि त्या यादीच्या पाकिटात प्रत्येकानं आपला एमटीयू लिहिलेला असतो. १४००वाल्याला समोरून १४७६ दिसला की तो पाकीटच टाकून देतो. तक्रार करत नाही, नुसतं टाकून देतो. एकदोन आटे गेले आणि मग अडकलं, तसंच ते. सिस्कोवर हा आकडा बघूच नको असं सांगायची एक कमांड आहे. ती मी कधी वापरत नाही. आटे जुळत नसताना हातोडा मारल्यासारखं ते, आज बसतं आणि पुढं मोठी पाकिटं वाटेत कुठंतरी हरवतात. दोन्हीकडं १४०० केलं, चार सेकंदांत फुल, म्हणजे जोडणी पूर्ण.

त्या दिवसापासून "फुल" हा शब्द मला देवाच्या प्रसादासारखा वाटायला लागला. नेबर फुल झाला की लॅपटॉप मिटायचा आणि बिल लिहायचं. ही सवय मला २०१९च्या ऑगस्टमध्ये महागात पडली.

कोल्हापूरकरांना त्या महापुराच्या आठवड्याबद्दल वेगळं सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा ३९ फुटांना, धोका ४३ला, आणि पाणी ५५च्या वर. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली. शहर आणि शिरोली यांच्यामधे नुसतं पाणी. फौंड्रीचं शिरोलीचं युनिट पाण्याबाहेर होतं, तिथं अडकलेले दोन सुपरवायझर जनरेटर चालवून सर्व्हर जिवंत ठेवत होते. पगाराचं सॉफ्टवेअर त्याच सर्व्हरवर. हिशेबनीस राजारामपुरीत. आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलंय अशा दीडशे माणसांचा पगार अडलेला.

फायबर पहिल्याच दिवशी गेली. पण आम्ही मागच्या वर्षीच गच्चीवरून गच्चीवर पाच गिगाहर्ट्झची वायरलेस लिंक टाकली होती, खास ह्याचसाठी. लिंक चालू होती. त्यावर ओएसपीएफ नेबर फुल. आणि रूट एकही नाही. राउटिंग टेबलात फौंड्रीचा सबनेट शोधला तर रिकामं. फायबर चालू असेपर्यंत सगळे रूट तिकडून येत होते, त्यामुळं ह्या लिंकवरून काहीच येत नाही हे वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तार उपटून मी कधी बघितलंच नव्हतं. फुल दिसला होता ना.

मालकांचा फोन आला. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "माणसांच्या घरात पाणी हाय. उद्याच्याला पैसे पडाय पायजेत." एवढंच.

एक गोष्ट नशिबाची होती. रूट नसले तरी लिंकच्या दोन टोकांचे पत्ते थेट जोडलेले असतात. राजारामपुरीच्या राउटरवरून लिंकच्या पलीकडच्या पत्त्यावर शिरता आलं. दोन्हीकडं एकेक स्टॅटिक रूट हातानं लिहिला आणि रात्री साडेअकराला हिशेबनीस बाईंनी पगाराची फाइल काढली. म्हणजे ज्या हातानं लिहिलेल्या रूटांना मी नावं ठेवत होतो, त्यांनीच अब्रू राखली.

खरं कारण आमच्याकडं नुकतीच लागलेल्या इचलकरंजीच्या एका मुलीनं शोधलं. पाणी ओसरल्यावर तिनं दोन्ही राउटरांचं कॉन्फिगरेशन कागदावर छापलं, शेजारी शेजारी ठेवलं आणि ओळीन् ओळ पट्टी लावून वाचली. तिचे वडील यंत्रमागावर. ताणा तपासायची पद्धत ती घरूनच शिकली होती म्हणे. म्हणाली, "दादा, सिस्कोच्या इंटरफेसवर नेटवर्क टाइप लिहिलाच नाहीये, म्हणजे ब्रॉडकास्ट. आणि इकडं तुम्ही पॉइंट टू पॉइंट केलाय."

दोन्ही प्रकारांत हॅलो दहा सेकंदांनी आणि डेड चाळीस सेकंदांनी, म्हणजे तेवढ्या वेळात हॅलो आला नाही तर पलीकडचा मेला असं धरायचं. त्यामुळं वेळा जुळतात, नेबर फुल होतो, याद्यांची देवाणघेवाणही होते. पण घराचा पत्ता सांगताना पॉइंट टू पॉइंटवाला म्हणतो, आम्ही दोघं लागून राहतो, मधे एक भिंत. ब्रॉडकास्टवाला म्हणतो, आम्ही एका चौकात राहतो आणि त्या चौकाचा मुकादम अमुक. रस्त्यांचा हिशेब करणारा राउटर दोन्ही पत्ते ताडून बघतो, एकाचं दुसऱ्याला दुजोरा देत नाही, आणि तो रस्ता नकाशातूनच वगळतो. चूक कुठंच दिसत नाही. दोन्हीकडं पॉइंट टू पॉइंट केलं आणि रूट धाडधाड आले. मी तिचा पगार त्याच महिन्यात वाढवला. मावसभाऊ म्हणाला, आधी माझा वाढव.

ह्यानंतर आमच्याकडं कामं यायला लागली ती अशीच, मधली. एखाद्या कारखान्यात दोन कंपन्यांचे राउटर असतात. एका बाजूच्या सपोर्टला फोन लावला की सांगतात, आमचा डबा बरोबर आहे, पलीकडं बघा. पलीकडचे इकडं बोट दाखवतात. आणि दोघंही खरं बोलत असतात, हीच गंमत. मधल्या तारेला वाली नसतो. आम्ही पाटीवर "मल्टी-व्हेंडर नेटवर्किंग" असं भारी लिहिलंय, पण घरात त्याला गाठीचं कामच म्हणतो.

एक गाठ आठवते ती एका दूध संकलनवाल्यांची. त्यांच्या निम्म्या शाखा दिसायच्या, निम्म्या नाहीत. दोन दिवस केबल, स्विच, वीज सगळं बघून झालं. मग लक्षात आलं की दिसणाऱ्या सगळ्या शाखांचे नेटवर्क पत्ते १९२.१६८ने सुरू होणारे आणि न दिसणाऱ्यांचे १०ने. जुन्या सिस्कोवर थेट जोडलेली नेटवर्कं ओएसपीएफमधे ढकलताना "सबनेट्स" हा एक शब्द पुढं लिहावा लागतो. नाही लिहिला तर फक्त पत्त्यांच्या जुन्या ए, बी, सी वर्गवारीत अख्खी बसणारी नेटवर्कं जातात. १९२.१६८चं चोवीस बिटांचं नेटवर्क सी वर्गात चपखल बसतं, म्हणून गेलं. १०चं अख्खं नेटवर्क आठ बिटांचं, त्याचे चोवीस बिटांचे तुकडे मागंच राहिले. एका शब्दासाठी दोन दिवस. बिल लावताना लाज वाटली, तरी लावलं.

कॉस्टचं, म्हणजे कुठली वाट किती महाग हे ठरवणाऱ्या आकड्याचं, दुखणं तर प्रत्येक साइटवर. सिस्कोचा मूळ हिशेब १०० मेगाबिटला एक, आणि त्याहून वेगवान सगळ्यालाही एकच. मायक्रोटिकच्या सॉफ्टवेअरच्या, राउटरओएसच्या, सहाव्या आवृत्तीत कुठल्याही इंटरफेसला सरसकट दहा. मग जाताना ट्रॅफिक फायबरनं आणि येताना वायरलेसनं असले प्रकार होतात. आम्ही आता कॉस्ट कुणावर सोडतच नाही, प्रत्येक इंटरफेसला हातानं लिहितो.

एकदा हात चांगलाच पोळला तो राउटरओएसच्या सातव्या आवृत्तीवर जाताना. ७.१ स्थिर म्हणून २०२१च्या डिसेंबरात आली. तिच्यात राउटिंगचा भाग मुळापासून नवा, फिल्टर, म्हणजे कुठले रूट आत घ्यायचे ह्याचे नियम, लिहायची रीत वेगळी. जुन्या आवृत्तीत कुठल्याच नियमात न बसलेला रूट आत यायचा, नवीन आवृत्तीत फिल्टरची साखळी लावली आणि नियमात बसला नाही तर तो नाकारला जातो. मी हे वाचलं होतं. वाचूनही एका शनिवारी रात्री जेवण झाल्यावर गिऱ्हाइकाच्या चालू राउटरवर अपग्रेड मारलं. रविवार सगळा तिथं गेला. त्या दिवशीचा घरचा पांढरा रस्सा थंड झाला तो झालाच, बायको अजून बोलून दाखवते.

मग ऑफिसात एक टेबल रिकामं केलं. त्यावर मिळतील त्या कंपन्यांचे जुने राउटर, बहुतेक भंगारातून आणि काही गिऱ्हाइकांनी टाकून दिलेले. कुठलीही गाठ आधी टेबलावर बांधायची. शेजारी एक कागद, दोन रकाने, अलीकडं आणि पलीकडं. एरिया, मास्क, हॅलो, डेड, नेटवर्क टाइप, एमटीयू, पासवर्ड, जे जे दोन्हीकडं जुळायला हवं ते सगळं. डिफॉल्ट आहे म्हणून रकाना मोकळा सोडायचा नाही, डिफॉल्टचा आकडा शोधून लिहायचा. हा त्या मुलीचाच आग्रह, आता ती आमची भागीदार आहे. २०२१च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांवर गेलं, महामार्ग पुन्हा बंद झाला, तेव्हा फौंड्रीतून फोन आला तो फक्त पाणी किती आहे विचारायला.

गेल्या महिन्यात कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेलो होतो. एका बाजूला सिस्को, दुसऱ्या बाजूला ज्युनिपर कंपनीचा राउटर, नेबर एक्सस्टार्टला अडकलेला. त्यांच्या आयटीच्या माणसानं शपथेवर सांगितलं, दोन्हीकडं एमटीयू १५०० आहे. बघितलं तर खरंच होता. आमच्याबरोबरचा पोरगा नवीन, पॉलिटेक्निकचा. तो कागदावर वाकला आणि म्हणाला, "दादा, आकडा एक हाय, पण मोजायची पट्टी एक न्हाई." ज्युनिपरवर इंटरफेसचा आकडा लिहिताना इथरनेटच्या वेष्टनाचे १४ बाइट धरून लिहायचा असतो, म्हणून त्याचा मुळातला आकडा १५१४. तिथं ह्यांनी जुळवायचं म्हणून १५०० केलेला, म्हणजे आतल्या आयपी पाकिटाच्या वाट्याला १४८६ उरले. काही न करता सोडलं असतं तर बरोबर चाललं असतं. तो आकडा काढून टाकला, कमिट केलं, म्हणजे बदल लागू केला, चहा यायच्या आत फुल.

आयटीच्या माणसानं बॅग उचलली. पोरगा म्हणाला, थांबा साहेब, तार उपटायची राहिली. मधे स्विच असल्यानं पलीकडच्या राउटरला तार गेल्याचं लगेच कळत नाही, शेवटच्या हॅलोपासून डेडचे चाळीस सेकंद भरावे लागतात. तो मोठ्यानं आकडे मोजायला लागला. छत्तिसाव्याला रूट दुसऱ्या लिंकवर गेले. शॉप फ्लोअरवर स्क्रीन अडकली तेव्हा एकानं मान वर करून बघितलं, परत कामाला लागला. बिल सोमवारी पाठवलं, पैसे अजून यायचेत.