माझा अनुभव : ‘गोळी मिळणार नाही’च्या पुढचं वाक्य

अर्जाच्या चौथ्या रकान्यात ‘प्रशिक्षणार्थींचा संवर्ग’, म्हणजे शिकणारे कोणत्या गटातले कर्मचारी, असं छापलेलं होतं. मनाचं दुखणं घेऊन मेडिकलच्या काउंटरवर आलेल्या माणसाशी काय बोलायचं, याचं आमचं प्रशिक्षण त्या एका रकान्यापायी साडेचार महिने अडलं. वर्ष होत आलं तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून लिहितोय. दुसऱ्या तालुक्यातल्या कुणा मेडिकलवाल्याला हेच करायचं असेल तर त्याच्या दोन-चार चकरा तरी वाचतील.

तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी माझं २२ वर्षांपासून मेडिकल आहे. गेल्या एप्रिलमध्ये रात्री नवाच्या सुमारास एक बाई आल्या. झोपेच्या गोळ्या मागितल्या, चिठ्ठी नव्हती. काउंटरवर आमचा नवा पोरगा होता, डी. फार्म. होऊन जेमतेम सहा महिने झालेला. त्याने नाही म्हटलं. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वनमधली, म्हणजे कडक नियम असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, चिठ्ठीवर दिली तरी रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरला चढवायचं, ते रजिस्टर ३ वर्षं जपायचं. हे सगळं त्याला पाठ होतं. पण बाई हलल्या नाहीत. काउंटरला धरून म्हणाल्या, “आते सहन व्हत नही रे भाऊ.” ह्याला काही सुचेना. “ताई, उद्या डॉक्टरांना दाखवा,” एवढंच तो म्हणाला आणि त्या अंधारात निघून गेल्या. सकाळी मी दुकानात आलो तेव्हा पोराचे डोळे लाल होते. रात्रभर झोपला नव्हता.

पुढे १६ दिवस त्या दिसल्या नाहीत. सतराव्या दिवशी सासूच्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पोरगा चुकला नव्हता. त्याला पुढचं वाक्य कुणी शिकवलंच नव्हतं. मला तरी कुठे कुणी शिकवलं होतं?

तालुक्याच्या केमिस्ट संघटनेत विषय काढला. १७ दुकानं एका बैठकीत तयार झाली. आता शिकवणारं माणूस हवं होतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे, त्यात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक असतात, हे मला माहीत होतं. म्हटलं, अर्ज दिला की काम झालं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आमच्याकडच्या त्या उन्हात, एसटीने एका कार्यालयात गेलो. त्याचं नाव घेत नाही. तिथे हा रकाना. खाली बारीक अक्षरात पर्याय : आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक, पोलीस, आरोग्य कर्मचारी. मी पेनने ‘फार्मासिस्ट, खासगी’ असं लिहिलं. लिपिकांनी कागद परत सरकवला. “हे यात बसत नाही.” म्हटलं, फार्मासिस्टसुद्धा आरोग्याचंच काम करतो. “सरकारी आहात का?” नाही. “मग नाही बसत.” एका दुसऱ्या कार्यालयाचं पत्र आणा म्हणाले. तिथे गेलो, तर त्यांचं म्हणणं, हा मनाचा विषय आहे, आमच्याकडे कसा आणलात?

जूनमध्ये परत गेलो तर पहिला अर्जच सापडेना. चूक माझीही होती : पोच घेतली नव्हती. अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका. नवा अर्ज लिहिला. पुढच्या चकरेला साहेब व्हीसीत, म्हणजे व्हिडिओवरच्या बैठकीत होते. तीन तास बाकावर बसलो, चार वाजता कळलं की साहेब मागच्या दाराने दौऱ्यावर गेले. जुलैत फोनवर उत्तर मिळालं, “वर पाठवलंय.” वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगेना. ऑगस्ट तसाच गेला.

त्या बाकावर बसून मनात एकच घोळत होतं. आमच्या भागात माणूस मनाचं दुखणं घेऊन पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. तो मेडिकलवर येतो. “डोकं दुखस.” “झोप येत नही.” “जीव घाबरस, काही तरी द्या ना भाऊ.” केळीबाग वादळात आडवी झाली, कापसाला भाव नाही, पोरीचं सासरी पटत नाही, तरी काउंटरवर तो मागतो डोकेदुखीची गोळीच. आमच्याकडे नंबर लावावा लागत नाही, केसपेपर काढावा लागत नाही, रात्री दहापर्यंत दार उघडं असतं. कोण चिठ्ठीशिवाय गोळ्या मागतंय, कोण एकच जुनी चिठ्ठी चार ठिकाणी फिरवतंय, कुणी डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्या दोन महिने नेल्याच नाहीत, हे सगळ्यात आधी आम्हाला दिसतं. आणि हीच माणसं संवर्गात बसत नाहीत! हे मी लिपिकांना बोलून दाखवलं, आवाज चढवूनच. त्याचा उपयोग झाला नाही. पण बोललो त्याचं वाईट वाटत नाही.

शेवटी सप्टेंबरच्या सुरुवातीला, पाचव्या चकरेला, व्हरांड्यात एका समाजसेविका ताईंनी माझं बोलणं ऐकलं. त्या म्हणाल्या, “भाऊ, अर्जातला ‘प्रशिक्षण’ शब्द काढा. त्याला वरून मंजुरी लागते. ‘जनजागृती कार्यक्रम’ लिहा आणि आम्हाला पाहुणे म्हणून बोलवा. एखादा दिवस धरा.” २५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन. अर्ध्या पानाचं पत्र दिलं. दोन दिवसांत होकार आला. साडेचार महिने आणि एक शब्द! त्या ताईंचे उपकार आमची संघटना विसरणार नाही.

कार्यक्रम दुपारी दोन ते पाच, कारण त्या वेळी दुकान बंद ठेवता येतं. ३१ जण आले. मालकांपेक्षा काउंटरवरची पोरं-पोरी आणा, कारण रात्री नवाला तिथे तीच उभी असतात.

माझा सगळ्यात मोठा गैरसमज त्या दिवशी गेला. मला वाटायचं, मरणाचा विषय आपण काढला तर माणसाच्या डोक्यात नसलेलं भरेल. तसं होत नाही. शांतपणे, सरळ विचारायचं : “ताई, जीव द्यायचा विचार मनात येतोय का?” विचारलं की माणसाला हलकं वाटतं, कुणाला तरी कळलं म्हणून. मग ऐकायचं. “मन घट्ट करा”, “पोरांकडे बघा” हे बोलायचं नाही. हो म्हणाले तर एकटं सोडायचं नाही, घरचं माणूस बोलावायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. नंबर हातात देऊन पाठवू नका, दुकानातूनच लावून द्या. धोका समोर दिसत असेल तर रुग्णवाहिकेचा १०८. छातीत दुखतंय म्हणाले तर घाबरल्यामुळे असेल असं आपणच ठरवायचं नाही, डॉक्टरांकडेच पाठवायचं.

पोलिसांची भीती सगळ्यांना होती. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ ताईंनी वाचून दाखवलं : जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस वेगळं सिद्ध होत नाही तोवर तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही. हे घरच्यांनाही सांगा, लपवाछपवीत उपचाराचा वेळ जातो.

सराव मात्र अहिराणीत करा. प्रमाण भाषेत आमची पोरं पाठ केल्यासारखी बोलत होती. “काय व्हयनं माय, बस जराशी,” असं म्हटल्यावर सगळं खरं वाटायला लागलं.

नोव्हेंबरमध्ये एक आबा आले, रात्रीच. तोच पोरगा काउंटरवर होता. गोळी दिली नाही. स्टूल ओढून आत बसवलं, पाणी दिलं, सरळ विचारलं. आबा हो म्हणाले. त्याने स्पीकरवर १४४१६ लावला, आबा अहिराणीत अडखळले तिथे ह्याने मध्ये बोलून दिलं. तोवर मी आबांच्या पुतण्याला बोलावून आणलं. पुतण्या दुसऱ्या दिवशी त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन गेला. आबांच्या गोळ्या आता आमच्याकडूनच जातात. ‘आठ दिवस झाले, गुण नाही’ म्हणून त्या बंद करायला निघाले होते, तेव्हा पोरानेच सांगितलं की या गोळ्यांना दोन-चार आठवडे लागतात आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

एक सांगायचं राहिलं. ते स्टूल काउंटरच्या आतल्या बाजूला, रॅकच्या आडोशाला ठेवा, रस्त्यावरून दिसणार नाही असं. आणि बिलाच्या तळाला १४४१६ छापून घ्या. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला की दोन मिनिटांचं काम आहे, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.