बोट आणि भोपळा

दुपारी बागेत गेलं की भोपळ्याच्या वेलावर बघण्यासारखं काही नसतं. सकाळी तळहाताएवढी पसरलेली पिवळीजर्द फुलं तोवर पीळ घालून मिटलेली असतात, आणि मिटलेलं फूल पुन्हा उघडत नाही. म्हणजे उशिरा उठणाऱ्यानं या वेलाची फुलं बघायचीच नाहीत. आज एका मिटलेल्या फुलाला हात लावला तर आत काहीतरी गुणगुणलं. पाकळ्या फाडल्या, तर एक मधमाशी पिवळी होऊन बाहेर पडली आणि चिडून निघून गेली.

अमेरिकेत, म्हणजे भोपळ्याच्या मूळ मुलखात, याच कुळातल्या फुलांवर जगणाऱ्या एकांड्या माश्या आहेत. त्यांच्यातले नर मिटलेल्या फुलात शिरून दुपारपासून झोपतात. मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी वाटली होती. पण पहाट झाली की तेही उठून फुलं हिंडू लागतात, हे कळल्यावर ती जरा ओसरली.

वेलाला घाई कसलीच नसते. सुरुवातीला येतात ती सगळी नर फुलं, लांब बारीक देठावर ताठ उभी. मादी फुलं मागून येतात आणि येतानाच पाकळ्यांखाली गोटीएवढा भोपळा घेऊन येतात. आधी बारसं, मग लग्न! पण लग्न झालं नाही तर त्या बारशाला अर्थ नाही. पराग जड आणि चिकट, तो वाऱ्यानं उडत नाही. कुणीतरी अंगाला माखून त्याच सकाळी आणून पोचवायचा, आणि एका खेपेत भागत नाही, कारण पोटातल्या शेकडो बियांना प्रत्येकी एक कण लागतो. खेपा कमी पडल्या की फळ एकीकडेच फुगतं. पडल्याच नाहीत तर गोटी पिवळी होऊन गळते.

आजीच्या परसात अशा गोट्या दरवर्षी गळायच्या आणि दरवर्षी गुन्हेगारही सापडायचा. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हा तिचा कायदा. माझ्या चुलतभावाला मोजायची भारी हौस. ‘‘एक, दोन...’’ म्हणत बोट नाचलं की आजी मागून ओरडायची, ‘‘मेल्या, बोट दुमड!’’ मग तो मुठीनं मोजायचा. तरी भोपळे गळायचेच, आणि न फिरकलेल्या माश्यांचं खापर त्याच्या बोटावर फुटायचं. अजून तो कोवळं फळ दाखवायचं तर हनुवटीनं दाखवतो.

हल्ली लोक हे काम हातानंच उरकतात. नर फूल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या, मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या पोटात हलकेच फिरवायचा. ऊन चढायच्या आत केलं की झालं.

भावाला एकदा सगळं सांगून टाकावं, त्याचं बोट निर्दोष सोडावं, असं फार वाटतं. पण तो लगेच विचारणार, ‘‘मग तुझ्या वेलावर एकही भोपळा का नाही? सकाळी काय करत असतोस?’’