पाक पिणारा केक: आमची वाटचाल

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरात वर्षभर विक्रीसाठी एकच पदार्थ होतो. यीस्टवर फुगवलेला, अंडी-लोण्याचा, भाजून मुद्दाम वाळवलेला आणि मग पाकात बुडवलेला केक. फ्रान्समध्ये त्याला बाबा म्हणतात. कड्याच्या आकाराच्या साच्यात, बेदाणे न घालता केला की तो सॅव्हरिन. दिवाळीचा फराळ आम्ही आधीपासून करत होतो, पण तो आता फक्त जुन्या गिऱ्हाइकांपुरता उरला आहे. बाकी सगळा वेळ, सगळं भांडवल आणि सगळं डोकं या एका पदार्थात घातलं आहे.

सुरुवात माझ्या धाकट्या जावेमुळे झाली. हॉटेल मॅनेजमेंट करून ती पुण्यात एका हॉटेलच्या बेकरी विभागात होती, लग्नानंतर इकडे आली. मी तेव्हा वाढदिवसाचे केक करायचा विचार करत होते. ती म्हणाली, "ताई, केक आता गल्लीगल्लीत होतात. अर्ध्या किलोमागे पन्नास रुपये कमी करण्याच्या शर्यतीत आपण कशाला उतरायचं? पावाचं पीठ मळायला मात्र कुणी तयार नसतं." हे मला पटलं. फराळामुळे पाक आमच्या घरात रोजचाच होता. पाव तिला येत होता. दोन्ही एकत्र येतील असा पदार्थ तिने निवडला.

पहिली अडचण मैद्याची. नेहमीचा मैदा स्पंज केकला चांगला, कारण त्यात प्रथिनं कमी, साधारण दहा टक्के. बाबाच्या पिठात अंडी आणि लोणी इतकं असतं की तो भार पेलायला पिठातल्या ग्लूटेन या प्रथिनाची जाळी भक्कम लागते. म्हणून आम्ही 500 ग्रॅम मैद्यात 15 ग्रॅम गव्हाचं ग्लूटेन मिसळतो. त्यात 6 अंडी, 25 ग्रॅम साखर, 8 ग्रॅम मीठ, 6 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, लागेल तसं थोडं गार दूध आणि अगदी शेवटी 150 ग्रॅम बिनमिठाचं लोणी. हे प्रमाण मी मोकळेपणाने देते. ते कुठल्याही चांगल्या पुस्तकात थोड्याफार फरकाने सापडेल. खरं काम मळण्यात आहे.

हे पीठ चपातीच्या कणकेसारखं कधीच होत नाही. सुरुवातीला ते भांड्याला, हाताला, सगळ्याला चिकटतं, आणि नवीन माणूस हमखास वरून मैदा घालायला जातो. घालायचा नाही. मळत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांनी ते भांड्याची कड सोडायला लागतं, चकाकतं, आणि उचललं तर लांबच लांब ओघळतं. तेव्हा लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांच्या बोटांवर हळूहळू ताणायचा. पापुद्र्यातून ट्यूबलाइटचा उजेड दिसला आणि तो फाटला नाही, तर लोणी घालायची वेळ झाली. लोणी आधी घातलं तर ही जाळी नीट तयारच होत नाही, आणि मग केक पाकात टाकला की विरघळल्यासारखा होतो.

साच्यात भरायची पद्धत जावेने शिकवली. ओला हात करून पीठ मुठीत घ्यायचं, मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा बाहेर येतो, तो दुसऱ्या हाताने तोडून साच्यात सोडायचा. साचा एक तृतीयांशच भरायचा. पीठ काठापर्यंत चढलं की भट्टीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या दोघींचा हात यात इतका बसला आहे की गोळे वजनकाट्यावर एक-दोन ग्रॅमच्या फरकाने उतरतात.

सांगलीचा उन्हाळा या पिठाचा शत्रू आहे. एप्रिलमध्ये दुपारी स्वयंपाकघरात लोणी भांड्यातच वितळतं आणि यीस्ट उधळतं. पीठ 26 अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही असा आमचा नियम. त्यामुळे मार्चपासून मळणं पहाटे पाचला, अंडी-दूध थेट फ्रीजमधून, आणि मिक्सरचं भांडंसुद्धा रात्रभर फ्रीजमध्ये.

भाजून झाल्यावर साच्यातून काढून पुन्हा मंद आचेवर वाळवायचा आणि रात्रभर जाळीवर उघडा ठेवायचा. ताजा, मऊ बाबा पाक नीट पीत नाही. कोरडा झालेलाच पितो. हा पदार्थ शिळेपणातूनच आला, असं त्याची गोष्ट सांगते. पोलंडचा पदच्युत राजा स्टॅनिस्लास लेशचिन्स्की फ्रान्समध्ये आश्रयाला राहत होता. त्याला कोरडा पडलेला यीस्टचा केक मिळाला आणि तो गोड वाइनमध्ये भिजवून खायची पद्धत पडली, अशी आख्यायिका आहे. त्याची मुलगी मारी हिचं लग्न 1725 मध्ये पंधराव्या लुईशी झालं. तिच्याबरोबर व्हर्सायला गेलेल्या निकोला स्टोरर या मिठाईवाल्याने 1730 मध्ये पॅरिसला मोंतोर्गय रस्त्यावर दुकान काढलं. ते दुकान आजही चालू आहे आणि तिथे आजही बाबा मिळतो. रम नंतरच्या काळात आली. पुढे हा पदार्थ इटलीत नेपल्सला गेला आणि तिथे इतका रुजला की आता तो नेपल्सची ओळख झाला आहे. हा सगळा मजकूर आम्ही छोट्या कार्डावर छापून डब्यात घालतो. नवीन गिऱ्हाईक पहिल्यांदा हेच विचारतं की हे आहे तरी काय.

आता पाक. यात सासूबाईंचा आणि दिरांचा वाटा आहे, आणि त्याचं मला फार कौतुक आहे. सासूबाईंना पाक म्हणजे गुलाबजामचा चिकट पाक किंवा रव्याच्या लाडवाचा एकतारी. आमचा पाक बघून त्या म्हणाल्या, "अगं, हे तर सरबत आहे." पण दाट पाक बाबाच्या कडेलाच थांबतो, आत पांढरा कोरडा गाभा राहतो. पातळच हवा. किती पातळ, हे रोज सारखं राहायला माप हवं होतं. दिरांची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. घडात साखर किती भरली हे बघायला ते रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. काचेवर रसाचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. त्यांनी एक दिवस तोच आमच्या पाकाला लावला. तेव्हापासून आमचा पाक 30 ब्रिक्सला, म्हणजे वजनाने 30 टक्के साखरेला, बांधलेला आहे. साधा करायचा तर 1 लिटर पाण्याला 430 ग्रॅम साखर. 60 अंशांच्या आसपास गरम पाक आणि पूर्ण गार बाबा. टाकल्यावर तो तरंगतो, बाजूने बारीक बुडबुडे येतात, उलटायचा, झाऱ्याने हलकेच दाबायचा. बुडबुडे थांबले की झालं. 35 ग्रॅमचा नग स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाक पितो आणि तरी आकार सोडत नाही.

रमचं काय, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. मद्य घालायचं तर उत्पादन शुल्काचे नियम बघावे लागणार, आणि आमचे डबे लहान मुलं असलेल्या घरांत, डोहाळजेवणाला जातात. आम्ही रम नकोच ठरवलं. नुसता संत्र्याचा पाक करून पाहिला, चांगला लागला, पण त्याला खोली नव्हती. रम उसाच्या मळीपासून होते. मळी वेगळी आणि काकवी वेगळी, पण ऊस तोच, आणि काकवी आमच्या भागात गुऱ्हाळावर ताजी मिळते. 1 लिटर पाणी, 300 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम काकवी, संत्र्याची साल, दालचिनी, दोन लवंगा आणि जायपत्रीचं एक पान. हा पाक आमचा स्वतःचा आहे. त्याचा करपट-गोड वास आणि पाठून येणारी मसाल्याची ऊब, यासाठी लोक पुन्हा मागवतात. काकवी आम्ही हंगामातच भरून ठेवतो. आतले बेदाणे अर्थातच सांगलीचे, आदल्या रात्री त्याच पाकात भिजवलेले.

धंद्याचं वळण मात्र पाकाने नाही, पॅकिंगने आलं. सुरुवातीला आम्ही भिजवलेले बाबा दुकानांना द्यायचो. भिजवलेला बाबा फ्रीजबाहेर टिकत नाही, फ्रीजमध्येही दोन-तीन दिवसच. पुण्यातल्या एका दुकानाने माल काउंटरवर तसाच ठेवला आणि आंबल्याची तक्रार आमच्या नावावर आली. तेव्हा जावेने सुचवलं की कोरडे बाबा आणि पाक वेगवेगळे द्यायचे. नीट वाळवलेला बाबा हवाबंद पिशवीत चांगला टिकतो. प्रश्न पाकाचा होता, कारण 30 ब्रिक्सचा पातळ पाक बाटलीत लवकर बिघडतो. इथे सासूबाईंचा हात कामाला आला. बाटलीत जाणारा पाक दाट हवा, बोटांना चिकटेल पण तार धरणार नाही असा, शिवाय साखर धरू नये म्हणून लिंबाचा रस घातलेला. तो टप्पा त्या अंगठा आणि तर्जनीत थेंब धरून सांगतात, आणि मी शेजारी थर्मामीटर घेऊन उभी राहिले तरी त्यांचं बोलणं होईपर्यंत गॅस बंद करत नाही. गिऱ्हाइकाने घरी त्या 200 मिली पाकात 350 मिली पाणी घालून गरम करायचं, सहा नग भिजवायचे, वर फेटलेली साय किंवा हंगामात हापूसच्या फोडी.

असे डबे ट्रॅव्हल्सच्या पार्सलने पुण्या-मुंबईला सुखरूप जातात. सुनेच्या माहेरी, परदेशातून आलेल्या लेकीसाठी, असेही नेले जातात. लोकांना स्वतः भिजवायला आवडतं, हे आम्हाला नंतर कळलं. मुलं बुडबुडे मोजत बसतात.

कागदपत्रांत फार वेळ गेला नाही. तेव्हा 12 लाखांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरायची, ती केली. ओव्हन आणि मोठा मिक्सर सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेतून घेतला. तिच्यात कर्जाला जोडून प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के अनुदान मिळतं. घरगुती काम करणाऱ्या बायकांनी ही योजना जरूर बघावी, बँकेत दोन-चार हेलपाटे झाले तरी.

सध्या डोकं चालू आहे ते बिनअंड्याच्या बाबावर. अंडं असलं की पाकिटावर तपकिरी खूण येते, आणि श्रावणात, गणपतीत आमची निम्मी मागणी थांबते. दूध, दही आणि ग्लूटेन थोडं वाढवून जाळी चांगली धरते आहे. पाक पितो, पण उचलताना अजून मधे वाकतो. तो सरळ उभा राहीपर्यंत विकायचा नाही, यावर आमचं दोघींचं एकमत आहे. त्याची भांडी, साचे, ब्रश सगळं वेगळं ठेवलं आहे, कारण हिरव्या खुणेवर विश्वास ठेवणाऱ्याच्या ताटात अंड्याचा अंशही जाता कामा नये.

ऑर्डर मंगळवारपर्यंत घेतो, बुधवारी मळतो, गुरुवारी वाळतात, शुक्रवारी डबे निघतात. मे महिन्यात काम बंद असतं.