सियोन ते हकलदमा : विश्वासघाताच्या रात्रीची वाट

यरुशलेमला जाणारे बहुतेक गट क्रुसाची वाट चालतात, चौदा स्थाने करतात आणि हॉटेलवर परततात. आम्ही वसईकडच्या भाविकांना घेऊन त्याआधी दुसरी एक वाट चालतो. सियोन डोंगरावरची माडीवरची खोली, म्हणजे शेवटच्या भोजनाची जागा, खाली किद्रोनचे खोरे, प्रभूला पकडले ती गेथशेमाने बाग, परत वर सियोनवर संत पेत्राचे गालिकांतू (कोंबडा आरवण्याचे) मंदिर आणि शेवटी हिन्नोमच्या खोऱ्यातले हकलदमा, म्हणजे रक्ताचे शेत. अंतर पाचेक किलोमीटर, पण उतार दोन आणि मधला चढ दमवणारा. पायऱ्यांचा चुनखडी दगड झिजून गुळगुळीत झाला आहे, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. सकाळी लवकर निघावे. गेथशेमाने दुपारी बारा ते दोन बंद असते आणि गालिकांतू रविवारी.

या वाटेवर एकाच रात्री दोन शिष्य पडले. यहूदा इस्कर्योताने गुरूला, येशूला, तीस चांदीच्या नाण्यांना धरून दिले, तर पेत्राने त्याची ओळखच तीनदा नाकारली. एक बुडाला आणि एक तरला, हे का, एवढाच प्रश्न घेऊन चालायचे.

माडीवरच्या खोलीत योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय वाचतो. आजची इमारत मध्ययुगातली आहे, खांब-कमानींत फार वेळ घालवू नये. वाचताना दोन गोष्टींवर थांबावे. पाय धुतले गेले तेव्हा यहूदा तिथेच होता. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. आणि घास. यजमानाने स्वतः बुडवून हातात दिलेला घास हा मानाचा. धरून देणारा कोण हे ठाऊक असूनही प्रभूने तो यहूदालाच दिला. परतीचे दार तोवर उघडे होते.

इथे कोणीतरी विचारतेच : हे सगळे शास्त्रात आधी लिहिलेले होते, तर यहूदाचा दोष काय? ओरिजेन या धर्मपंडिताने तिसऱ्या शतकातच उत्तर दिले की घडणार होते म्हणून ते आधी कळले, आधी कळले म्हणून घडले नाही. बोएथियस या तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात तेच आणखी सोपे केले : समोर कोणी चालताना दिसले म्हणून आपण त्याला चालवत नाही, आणि देवाला सगळे काळ समोरच दिसतात. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने 1547 मध्ये स्पष्ट शब्दांत नाकारले की पौलाचे पाचारण जसे देवाचे काम, तसाच यहूदाचा विश्वासघातही. गटात नगरकडचे प्रॉटेस्टंट बंधू असले की धर्मसुधारक कॅल्विनचे नाव निघते. त्याने देवाच्या ठरावावर कितीतरी अधिक भर दिला हे खरेच, पण माणूस जबरदस्तीने नव्हे, स्वतःच्या इच्छेनेच पाप करतो, हे त्यानेही सोडले नाही. गोंधळ होतो तो मत्तय 26:24 अर्धेच वाचल्याने. मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो, हा पहिला भाग. जो त्याला धरून देतो त्याची केवढी दुर्दशा, हा दुसरा. दोन्ही एका दमात वाचावे.

गेथशेमानेच्या बागेत आठ जुनी जैतुनाची झाडे आहेत. ती प्रभूच्या काळची असे वाटाडे सांगतात. 2012 मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत तीन झाडांची खोडे बाराव्या शतकातली निघाली. झाडांमध्ये जाता येत नाही, कठड्याबाहेरून फिरायचे. शेजारचे मंदिर वास्तुविशारद बार्लुझीने बांधले, 1924 मध्ये पूर्ण झाले. आत जांभळट काचांमुळे मुद्दाम अंधार ठेवला आहे आणि वेदीपुढे उघडा खडक आहे. इथे 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे वाचून गप्प बसावे. ख्रिस्ताला खरी मानवी इच्छा होती आणि तिने स्वतःहून होकार दिला, हे कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने 680-81 मध्ये ठरवले. तारण उभे आहे ते या होकारावर, यहूदाच्या चुंबनावर नाही. त्याच बागेत प्रभूने यहूदाला 'गड्या' म्हटले.

मग किद्रोनमधून अबशालोमच्या कबरीवरून चढ. इथे निम्मे लोक टॅक्सी शोधतात. शक्य असेल त्याने चालावेच, कारण बांधलेल्या प्रभूला याच बाजूने वर नेले. पवित्र गुरुवारी रात्री बागेतली प्रार्थना संपल्यावर भाविक मेणबत्त्या घेऊन गालिकांतूपर्यंत जातात.

प्रभूला ज्याच्यापुढे नेले त्या महायाजक कयफाचे घर नेमके गालिकांतूच्या जागीच होते हे सिद्ध नाही. सियोनवर आर्मेनियन लोकांच्या आवारातही ते दाखवतात. मंदिराशेजारची दगडी पायऱ्यांची वाट मात्र खरोखर जुनी आहे. मंदिराखालच्या खड्ड्यात, जिथे प्रभूला त्या रात्री कोंडले असे मानतात, स्तोत्र 88 वाचतात. पाठोपाठ दुसरे गट असतात, तेव्हा पाच मिनिटांत वर यावे आणि अंगणात बसावे. तिथे पेत्र, दासी, शिपाई आणि खांबावर कोंबडा अशी शिल्पे आहेत. लूक 22:31 पासून वाचावे. पेत्र नाकारील हेही आधी सांगितलेले होते, आणि सोबत 'तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर' हेही.

हकलदमा समोरच्या उतारावर आहे, ओनुफ्रियसच्या ग्रीक मठाजवळ. मत्तय म्हणतो यहूदाने गळफास घेतला. प्रेषितांची कृत्ये म्हणतात तो पडून फुटला. ओढूनताणून मेळ घालू नये. लक्ष द्यावे ते त्याच्या पश्चात्तापाकडे : त्याने पैसे परत केले, 'मी पाप केले' असे उघड म्हटले. पण म्हटले ते याजकांपाशी, आणि ते म्हणाले, 'त्याचे आम्हाला काय? तुझे तूच पाहून घे.' पेत्र रडला आणि भावांत राहिला. संत ऑगस्टीनच्या मते यहूदा अखेर निराशेने बुडाला, दयेची आशाच त्याने सोडली. 'जन्मला नसता तर बरे' हे यहूदाबद्दलचे प्रभूचे शब्द कठोर आहेत आणि ते मऊ करू नयेत. तरीही कॅथलिक मंडळीने इतक्या संतांची नावे जाहीर केली, पण अमुक माणूस नरकात गेला असे एकाचेही, यहूदाचेसुद्धा, जाहीर केलेले नाही. आम्ही इथे त्याच्यासाठी प्रार्थना करतो.

सहल ठरवताना एजंटला एक सांगावे : गालील, म्हणजे उत्तरेचा सरोवराकाठचा प्रदेश, शेवटी ठेवा. बहुतेक कार्यक्रमांत ते आधी येते आणि पेत्राची गोष्ट उलटी होते. यरुशलेमहून गालीलच्या सरोवराकाठचे ताबघा बसने अडीच-तीन तास. तिथे काळ्या दगडाचे 1933 चे छोटे मंदिर पाण्याला लागून आहे. योहान 21 वाचावा. महायाजकाच्या अंगणात पेत्राने नाकारले ते कोळशाच्या शेकोटीपाशी. इथेही काठावर कोळशांचा विस्तव पेटलेला, वर मासळी, आणि पेत्राला प्रभूचा तीनदा एकच प्रश्न : माझ्यावर प्रेम करतोस का?